ममीला कोणी विचारलंच नाही

माझ्या बाबांना ममीचे सिनेमे आवडायचे, हे सांगितलं तर लोकांना पटत नाही. बाबा भिक्षुक. अमरावतीतल्या आमच्या गल्लीतल्या मुंजी, वास्तुशांती, दहावे-तेरावे सगळे त्यांच्याच हातचे. पण रविवारी दुपारी सत्यनारायण आटोपून आले, की उपरणं खुंटीला, शिऱ्याचा द्रोण मांडीवर आणि टीव्हीवर हिंदीत बोलणारा कोणीतरी टोपीवाला गोरा साहेब थडग्यावरची शिळा सरकवतोय. शेजारी पाय पोटाशी घेऊन मी. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "बापलेकीले दुसरा धंदाच नाही."

बाबा घाबरायचे नाहीत, चिडायचे. साहेब भिंतीवरचा मंत्र वाचायला लागला की यांचा घास हातातच थांबे. "अरे, अर्थ ठाऊक नाही तं मोठ्यानं काहून वाचून राहिला बाप्पा?" आणि ज्या पुजाऱ्यानं तो शाप घालून ठेवलेला असे, त्याच्याबद्दल मात्र केवढा आदर! "काम पाह्य त्याचं. हजारो वर्षं झाली, मंत्र अजून चालू हाय. आमची वास्तुशांती लोकायले सहा महिने पुरत नाही." सिनेमातला खलनायक त्यांच्या लेखी व्यवसायबंधू होता. भयपट असा बघणारा दुसरा माणूस अख्ख्या वऱ्हाडात नसेल, असं मला आजही वाटतं आणि त्याचा मला अभिमान आहे.

त्यांचा सिद्धांत एकच. शापबिप काही नसतं, मेलेल्याचं काहीतरी राहिलेलं असतं. दहाव्याला पिंड ठेवतात. कावळा शिवला तर माणूस तृप्त होऊन गेला. नाही शिवला, तर काय राहिलं ते घरच्यांनी ओळखायचं आणि तसा शब्द द्यायचा. अकोल्याला एका म्हाताऱ्याच्या दहाव्याला मुलांनी सगळे शब्द देऊन पाहिले. शेत विकणार नाही, भांडणार नाही. कावळा झाडावर ढिम्म. शेवटी बाबांनी मागे उभ्या असलेल्या धाकट्या सुनेला विचारलं. ती म्हणाली, "मामाजींची खुर्ची माळ्यावर टाकली आम्ही. ती परत ओट्यावर आणून ठेवीन." कावळा आला. ही गोष्ट बाबा प्रत्येक सिनेमाच्या शेवटी सांगत आणि पडद्याकडे हात करून म्हणत, "त्या ममीले काय पाहिजे, हे एकानं तरी विचारलं काय? सरळ उकरून मोकळे!"

एवढं ऐकून वाढलेल्या मुलीनं पुरातत्त्व नाही घ्यायचं तर काय घ्यायचं? बाबांनी अडवलं नाही. होस्टेलवर सोडायला आले, गादी स्वतः उचलून वर नेली आणि निघताना म्हणाले, "शीक. पण हाडं उकरशील त्या जागी मी येणार नाही." तो शब्द त्यांनी सहा वर्षं पाळला. पोरगी काय करते असं कोणी विचारलं की "सर्व्हिसमधी हाय" म्हणून विषय संपवत. माझा अस्सा संताप व्हायचा! माझे लेख छापून आले, ते त्यांनी पोथ्यांच्या कपाटात नीट ठेवले, पण चांगलं करतेस असं काही तोंडातून निघालं नाही. मला तेवढंच हवं होतं, आणि ते दुसऱ्या कोणी म्हणून चालणार नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात चांदूर रेल्वेच्या पुढे एका माळावर आमचं उत्खनन चालू होतं. तिथे दगडांची मोठी वर्तुळं आहेत, आणि फार जुन्या काळची माणसं त्यांत पुरलेली. एका वर्तुळात एक बाई निघाली. कुशीवर झोपलेली, गुडघे दुमडलेले, गळ्याशी अकीकाचे तांबडे मणी, उशाशी मडकं. संध्याकाळी फोनवर बाबांना हे सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवलं नाही. त्यांनी मडक्याचं मला पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाले, "उशाशी मडकं? म्हणजे कोणीतरी मायेनं ठेवलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी माळ चढताना एक धोतर दिसलं. बाबा! कामावरच्या बाया जेवायला बसल्या होत्या. त्यांतल्या एकीच्या हातची भाकर कावळ्यानं पळवली, तर बाबा तिथेच उभे राहून पोटभर हसले. मग खड्ड्यापाशी आले. आम्ही भोवती दोरी बांधतो, तिच्याबाहेर त्यांनी चपला काढल्या आणि वाकून त्या बाईकडे बघत राहिले.

"हिले कुठं नेता?"

"तपासायला. मग म्युझियममध्ये."

"विचारलं?"

"कोणाला विचारू, बाबा? हिचं कोणीच उरलं नाही."

"मंग? ज्यायचं कोणी नाही, त्यायच्यासाठी बी तर्पणात पाणी सोडतोच ना आपण?"

त्यांनी पिशवीतून डबा काढला. आईनं दिलेला भात होता. खड्ड्यात बाहेरचं अन्न पडलं तर सगळे नमुने बिघडतात. "बाबा, दोरीच्या बाहेर ठेवा हं," मी चाचरत म्हणाले. वाटलं, आता भडकणार. ते म्हणाले, "तुह्या जागेचे नियम तुहे." आणि चांगलं दहा पावलं लांब जाऊन पळसाच्या पानावर भाताचा गोळा ठेवला. मंत्र म्हटला नाही. हात जोडून साध्या बोलीत म्हणाले, "माय, ही पोरगी माही हाय. हात हलका हाय तिचा. तुहे मणी, तुहं मडकं ही जिवापाड जपीन. चालते काय, सांग."

हात हलका आहे! हे त्यांना कधी कळलं, कोण जाणे. माझे डोळे भरून आले, आणि हाताला माती असल्यामुळे पुसताही येईनात.

दोन मिनिटांत कावळा आला आणि गोळा घेऊन बाभळीवर जाऊन बसला. बाबा माझ्याकडे वळले. "तिची हरकत नाही. खोद."

आता खरं सांगते. त्या माळावरचे कावळे महिनाभर आमच्या डब्यांवर टपलेले होते. भात ठेवल्यावर ते येणार नाहीत तर काय? हे मी बाबांना बोलले नाही. पण जन्मभर कावळ्यांची वाट पाहिलेला हा माणूस, भाकर पळवताना पाहून नुकताच हसलेला. त्याला हे कळलं नसेल होय?

मी खाली उतरून ब्रश हातात घेतला. वर बाबा दोरीला धरून उभे होते आणि कामावरच्या बायांना सांगत होते, "ही माही पोरगी. हाडं उकरते. पण विचारून."