आर्मीची विमानं म्हणे

आजोबा इंग्रजांच्या हवाई तळावर विमानांच्या पंखांचं कापड शिवायचे, तेव्हा घरी आजीकडे धड एक लुगडं नव्हतं. काल गच्चीवरून विमानांचा ताफा गेला आणि शेजारचे काका म्हणाले, "बघ, आर्मीची विमानं."

"हवाई दलाची, काका."

"एकच की गं. बी.ए. झालीस म्हणून मला शिकवतेस?"

हो, आमच्या घरातली पहिली बी.ए. मी, शिकवणारच. एकच कसं? इंग्रजी अमलात हवाई दल भूदलाच्या सेनापतीच्या हाताखाली होतं. ज्यानं कधी ढग आतून पाहिला नाही, त्याच्या शब्दावर आपली पोरं उडायची आणि मरायचीही. हे सांगताना आजोबा पुढचं ताट बाजूला सारायचे. आकाश म्हणजे काय जमिनीचा पोटमाळा आहे? स्वातंत्र्य आलं त्या दिवशी हवाई दलाला स्वतःचा सेनापती मिळाला, भूदलाच्या बरोबरीचा.