कोमट भुकटी

कारखान्यात सगळे तिला ‘जंतूबाई’ म्हणायचे, आणि तिला त्याचा रागही येत नसे. बावीस वर्षं ती जिवाणू वाढवायची, कोळशाच्या भुकटीत मिसळायची आणि पाकिटं भरायची. पेरणीआधी ही भुकटी बियाण्याला चोळली की जिवाणू मुळांत घर करतात, गाठी धरतात आणि हवेतला नत्र पिकाला खाऊ घालतात. पीक त्यांना साखर पुरवतं. इतका चोख संसार माणसांना जमत नाही, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची.

धाकट्या भावानं यंदा माळ फोडून पहिल्यांदाच सोयाबीन पेरलं. त्या मातीत हे जिवाणू मुळातच नव्हते. ‘माझी पाकिटं वापर, युरियाची गोणी दारात आणू नकोस,’ असं तिनंच बजावलं होतं. ताईचा शब्द त्यानं कधी खाली पडू दिला नव्हता.

चाळिसाव्या दिवशी त्याचा फोन आला. “ताई, पानं पिवळी पडताहेत गं. एकदा येऊन जा.”

बसमध्ये तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. वाफेवर निर्जंतुक केलेली भुकटी रात्रभर गार होऊ द्यायची, हा तिचाच नियम. पण भावाची पाकिटं भरली त्या दिवशी टेम्पो दारात उभा, मालक डोक्यावर बसलेला. तिनं पालथ्या हातानं भुकटी चाचपली. कोमट लागली. ढिगाच्या पोटात ती किती गरम आहे, हे न बघताच तिनं जिवाणू ओतले. बावीस वर्षांत एकदाच.

शेत दुरूनच फिकं दिसलं. तिनं एक रोप मातीसकट उचललं, बादलीत मूळ धुतलं. मग दुसरं, मग तिसरं. मण्याएवढीसुद्धा गाठ कुठे नव्हती.

“जमीनच करंटी निघाली,” भाऊ म्हणाला. “तुझ्या पाकिटात खोट निघायची नाही. विकून टाकतो हा तुकडा.”

“जमिनीला बोल लावू नकोस. जिवाणू मीच मारले, गरम भुकटीत घालून. तू बियाण्याला नुसता कोळसा चोळलास रे. आजच्या आज युरिया टाक, थोडंफार तरी हाती लागेल.”

आता हा तोंडाला येईल ते बोलेल, असं तिला वाटलं. बोलला असता तर बरं झालं असतं. पण तो बांधापलीकडे बघत होता.

“ताई,” तो हळूच म्हणाला, “तुझं नाव सांगून मी माळावरच्या सगळ्यांना हीच पाकिटं घ्यायला लावली गं.”

तिनं मान वर केली. शेजारचं शेत पिवळं होतं. त्याच्या पलीकडचंही.