खिडकीतली अंगठी

वेंडेल प्रुइटने टोलेडोच्या मोटार कारखान्यात एकतीस वर्षं रंग तपासला. केसाएवढा ओरखडा त्याला वीस पावलांवरून दिसायचा. निवृत्तीनंतर दर शनिवारी तो दारातली गाडी स्वतः धुवायचा. एका बादलीत साबण, दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी आणि शेवटी मेणाचा हात. रंगाला लागू नये म्हणून लग्नाची अंगठी आधी काढून खिडकीत ठेवायचा.

एका शनिवारी बादल्या भरून तो अंगठी काढायला गेला, तर बोट रिकामंच.

"लोरेटा, माझी अंगठी हरवली गं!"

बायकोने एप्रनच्या खिशातून अंगठी काढून दाखवली.

"गेल्या शनिवारी खिडकीतच विसरलास. आठवडाभर बघतेय, कधी लक्षात येतंय ते."

त्याने हात पुढे केला. तिने अंगठी परत खिशात टाकली.

"आधी गाडी धू."