बोडीच्या पाण्याचा खेळ

आमगावजवळच्या एका खेड्यात केवलराम गुरुजी सोळा वर्षं पुठ्ठ्यांवर खेळ बनवत होते. अंकांचा, जोडाक्षरांचा, रेल्वे स्टेशनांचा. पोरं खेळायची, पण गुरुजी समोर बसलेले असतील तोवरच. गुरुजी उठले की खेळही उठायचा.

२००६ साली निर्मलाबाई भंडाऱ्याहून त्या शाळेत बदलून आल्या. त्यांनी कॅलेंडरच्या पाठीवर एक खेळ काढला. वर बोडी, म्हणजे गावचा लहान तलाव. खाली धानाच्या चार बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, चौघांची एकेक. फासा टाकून बोडीतून चिंचोके घ्यायचे, तेच पाणी. वरची बांधी भरली की मगच खालची. पोरं त्यापायी खिचडी थंड होऊ द्यायची. गुरुजींच्या पोटात दुखू लागलं. त्यांच्या एकाही खेळापायी कुणाची खिचडी कधी थंड झाली नव्हती.

शिक्षकांनी बनवलेल्या खेळांच्या जिल्हा प्रदर्शनातून एकच खेळ पुढे नागपूरला जायचा होता, आणि दोघांनीही नावं दिली होती.

"गुरुजी, तुमी यातले जुने," बाई म्हणाल्या. "एकदा खेळून पाहा, चुकलं असन त सांगा."

गुरुजी पोरांसोबत चारदा खेळले. चारही वेळा शेवटची बांधी कोरडीच राहिली, बोडी त्याआधीच रिकामी! खरं तर गावात पाण्याची पाळी एका वर्षी वरून, तर दुसऱ्या वर्षी खालून सुरू व्हायची. बाहेरून आलेल्या बाईंना हे ठाऊक नव्हतं. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या गुरुजींना होतं. सांगायचं तर एका वाक्याचं काम.

"मस्त आहे. काहीच बदलू नका," गुरुजी म्हणाले. पुढचे पाच दिवस त्यांना झोपही छान लागली.

गोंदियाच्या प्रदर्शनात परीक्षक नेमके शेवटच्या बांधीवर बसले. दोन डाव कोरडे गेले.

"मॅडम, यहाँ बैठनेवाला तो कभी जीतेगाच नहीं!"

बाईंचा खेळ बाद झाला आणि गुरुजींचा स्टेशनांचा निवडला गेला. टाळ्या गुरुजींना गोड लागल्या, खोटं कशाला बोला.

परतताना एस.टी.त बाई शेजारी येऊन बसल्या.

"गुरुजी, तुमी मनाले लावून घेऊ नका. मी साहेबाइले सांगतलं, गुरुजीनं चारदा खेळून पाहलं, त्याइची काही चूक नाही. त्याइच्याच ध्यानात नाही आलं, त माया ध्यानात काऊन येईन?"

बाईंच्या खेळाचा हेवा गुरुजींनी कसाबसा जिरवला होता. आता त्यांना बाईंच्या त्या साफ मनाचा हेवा वाटू लागला, आणि तो कसा जिरवायचा हे आमगाव आलं तरी सुचलं नाही.