कारभाऱ्यांचा खोकला

शकील तांबोळी यांच्याविषयी लिहिणं हे माझं काम नव्हे. मी भोंगे भाड्याने देणारा माणूस. आयुष्यभर दुसऱ्यांचा आवाज मोठा करत बसलो. पण शकीलभाईंचा आवाज ओळखणारी माणसं खूप आहेत आणि त्यांना स्वतःला ओळखणारी थोडी, म्हणून जमेल तसं लिहितो.

शनिवार पेठेत माझं दुकान होतं. शकीलभाई माझ्या भोंग्यांवर बोलत. रिक्षाच्या टपावर दोन भोंगे, मागच्या सीटवर बॅटरी आणि त्यांच्या हातात माईक. खडकवासल्याहून येणारं पाणी बंद राहणार असलं की ते पेठांमधून सांगत फिरायचे, "उद्या गुरुवारी पाणी येणार नाही. नागरिकांनी आजच साठा करून ठेवावा, ही नम्र विनंती." साड्यांचा सेल असो, डोळ्यांचं शिबिर असो, सर्कस असो, शेवट त्याच नम्र विनंतीने. आवाज खालचा, भरदार, मंडईच्या गोंगाटातही वेगळा कळणारा. लोक मात्र रिक्षा आली की खिडक्या लावून घेत.

गणपतीत हरवलेल्या मुलांच्या मंडपात ते बसायचे, तेव्हा चार वर्षांच्या पोरालाही म्हणायचे, "आपण रडू नये. आपले वडील येत आहेत." अनोळखी माणसाला अरे-तुरे करणं त्यांच्या जिभेला जमतच नसे.

२००१ साली माझा भाचा अभिनव इंजिनिअर होऊन दोन मित्रांबरोबर कॉम्प्युटरवरचा एक खेळ तयार करत होता. नाव 'भुयार'. शहराखालच्या भुयारात एक चोर अडकलाय, आणि खेळणारा म्हणजे तो चोर. त्याच्या मागावर पगडी घातलेला, हातात कंदील धरलेला एक कारभारी असतो. त्याने गाठलं की खेळ संपला. या कारभाऱ्याला आवाज हवा होता. मी शकीलभाईंना घेऊन गेलो.

कागदावर लिहिलं होतं, 'ये. आता मर.' शकीलभाईंनी ते मनात दोन-तीनदा वाचलं, माईकसमोर सरसावले आणि म्हणाले, "या. आता आपण मरावं, ही नम्र विनंती."

अभिनवने मित्रांकडे पाहिलं. मग तिघंही पोट धरून हसायला लागले.

"माफ करा," शकीलभाई ओशाळून म्हणाले. "सवयीने गेलं. परत घेऊ."

"चाचा, परत अजिबात घ्यायचं नाही," अभिनव म्हणाला. "मरायचं तर पुण्यात असंच मरायचं."

खेळाच्या सीडी विकल्या गेल्या त्यापेक्षा कॉपी जास्त झाल्या. सायबर कॅफेंमध्ये पोरं रांगा लावून खेळायची. वर्षभरात अभिनवची कंपनी बंद पडली आणि तो हिंजवडीला नोकरीला लागला. कारभारी मात्र राहिला. चोराचं नाव कुणाच्या लक्षात नव्हतं, पण कारभाऱ्याचं बोलणं कॉलेजांत पाठ होतं. रस्त्यात मुलं शकीलभाईंना अडवायची. "चाचा, एकदा मारा ना आम्हाला." ते सायकल स्टँडवर लावत, टोपी नीट करत, आणि मन लावून मारत.

त्यांच्या पत्नी नूरबानू म्हणायच्या, "बाहेर पोरांना मारत फिरता. घरात एक झुरळ मरत नाही तुमच्याकडून."

पुढे पाण्याचे निरोप मोबाइलवर यायला लागले आणि रिक्षावरची कामं गेली. शकीलभाई एका पार्किंगमध्ये पावत्या फाडायला बसले. माईक सुटला. राहिली ती रस्त्यात अडवणारी मुलं. तीही आता मोठी झाली होती, गळ्यात ऑफिसची ओळखपत्रं लटकत होती. पण ओळखायची. कारभारी परत कधी येणार, असं इंटरनेटवर अभिनवला सारखं विचारायची.

२०१३ च्या पावसाळ्यात अभिनव पेढे घेऊन शकीलभाईंच्या घरी आला. नोकरी सोडून त्याने भागीदार मिळवले होते. "चाचा, कारभारी परत येतोय. आवाज तुमचाच."

शकीलभाई तेव्हाच घोगरं बोलत होते. सर्दी आहे म्हणाले. ती सर्दी उतरेना, म्हणून नूरबानूंनी त्यांना दवाखान्यात नेलं. मी बरोबर होतो. गाठ स्वरयंत्रावर निघाली, कॅन्सरची. डॉक्टर तरुण होते, स्पष्ट बोलले. स्वरयंत्र काढावं लागेल. आत्ता काढलं तर वाचण्याची चांगली आशा आहे. थांबलात तर काही सांगता येत नाही.

"काढल्यावर बोलता येईल?" शकीलभाईंनी विचारलं.

"आत्तासारखं नाही. काहींना वेगळ्या पद्धतीने थोडं जमतं."

बाहेर बाकावर बसल्यावर ते मला म्हणाले, "रंगनाथराव, रेकॉर्डिंग झालं की लगेच."

"कसलं रेकॉर्डिंग?" नूरबानू म्हणाल्या. "त्या मेल्या कारभाऱ्याचं?"

"मेला कुठे? परत येतोय म्हणतात."

"अहो, थट्टा सुचते तुम्हाला?"

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "इतकी वर्षं गल्लोगल्ली ओरडलो. लोकांनी खिडक्या लावल्या. एकदाच कोणीतरी हा आवाज मागतंय, तर तो कापून देऊ?"

अभिनवला यातलं काही सांगायचं नाही, अशी त्यांनी आम्हा दोघांना कसम घातली. कळलं तर पोरं कीव करतील आणि दुसरा माणूस आणतील, याची त्यांना भीती होती. मी आडून विचारून पाहिलं, चाचांचं काम आधी उरकता येईल का.

"मामा, लोक बारा वर्षं थांबलेत," अभिनव म्हणाला. "अजून दोन महिने थांबतील. घाईत काहीतरी करून ठेवलं तर शिव्या मला पडतील."

दोन महिन्यांचे चार झाले, मग सहा. नवी कथा लिहून होत नव्हती. नूरबानू रोज भांडायच्या, मग भांडायच्याही थांबल्या. शकीलभाईंना गिळायला त्रास व्हायला लागला. ते घरात बोलणं टाळत. आवाज साठवून ठेवतोय, असं मला खुणेनं सांगत.

थंडी संपता संपता रेकॉर्डिंग ठरलं. त्या दिवशी नूरबानू खाली रिक्षात बसून राहिल्या, मांडीवर दवाखान्याची पिशवी घेऊन. काम झालं की तिथूनच भरती व्हायचं होतं.

प्रियदर्शनी नावाच्या मुलीने संवाद लिहिले होते. लहानपणी तिने 'भुयार' खेळून खेळून चष्मा लावून घेतला होता, असं ती स्वतःच म्हणाली. शकीलभाईंनी पहिलं वाक्य म्हटलं. आवाज फाटलेला, आतून खरवडून काढल्यासारखा.

"चाचा, कसला आवाज लावलाय," ती म्हणाली. "कारभारी म्हातारा झालाय आणि जास्तच डेंजर झालाय."

"सराव केला," शकीलभाई म्हणाले.

अर्ध्यावर त्यांना खोकला आला. लांब, घासत जाणारा, शेवटी शीळ वाजावी तसा. मशीनवरच्या माणसाने थांबवायला हात पुढे केला, तर अभिनवने त्याला अडवलं. तो खोकला त्याने दोनदा लावून ऐकला. "हा ठेवू. अंधारात आधी खोकला ऐकू येईल, मग कंदील दिसेल. मस्त भीती वाटेल."

शकीलभाईंनी विचार केला आणि म्हणाले, "मग नीट देतो. हा अपुरा झाला."

आणि ते मुद्दाम खोकले. जवळ उभे राहून, लांब उभे राहून, पुन्हा पुन्हा. शेवटच्या वेळी तोंडाला रुमाल लावला, त्याच्याकडे पाहिलं आणि घडी घालून खिशात ठेवला. बाकीचे कॉम्प्युटरकडे बघत होते.

स्वरयंत्र काढलं. पण तोवर आजार छातीत उतरला होता. अभिनवला कळलं तेव्हा तो दवाखान्याच्या जिन्यात डोकं धरून बसला. "मामा, मी त्यांना खोकायला लावलं," एवढंच म्हणत राहिला. तो खोकला काढून टाकायला निघाला, तेव्हा शकीलभाईंनीच खुणेनं नको सांगितलं.

खेळ गणपतीच्या आधी बाहेर आला. त्या दिवशी मोठा हॉल घेतला होता. शकीलभाई हट्टाने आले, गळ्याच्या भोकावर मऊ पंचा गुंडाळून. हॉल तरुण माणसांनी गच्च भरला होता. बहुतेकांच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या पगड्या, हातात कंदील. काहीजण नोकरीवरून थेट आले होते, काहींच्या कडेवर मुलं होती. आपला कारभारी परत आला म्हणून अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती.

दिवे गेले. स्पीकरमधून आधी तो खोकला आला.

आणि सगळा हॉल उलट खोकला. हाच खोकला असलेली खेळाची जाहिरात त्यांनी महिनाभर ऐकली होती, पाठ केली होती. शेकडो गळे, तसेच घासत जाणारे, शेवटी शीळ. एकदा झालं, हशा पिकला, मग पुन्हा.

नूरबानूंनी दोन्ही कानांवर हात ठेवले. शेजारी शकीलभाई हसत होते. आवाज नव्हता, गळ्यावरचा पंचा तेवढा हलत होता. अभिनवने नाव पुकारलं तसे ते उभे राहिले आणि हात जोडले. लोक खुर्च्यांवर चढून टाळ्या वाजवायला लागले.

"या पोरांना ठाऊक आहे का, हे काय आहे ते?" नूरबानूंनी मला विचारलं.

"नाही, वहिनी."

"ह्यांना तर ठाऊक आहे," त्या नवऱ्याकडे बघत म्हणाल्या.

शकीलभाई डिसेंबरात गेले.

त्यानंतर अभिनव सगळं रेकॉर्डिंग घेऊन नूरबानूंकडे गेला. त्यांच्या घरात शकीलभाईंचा आवाज कशावरच उतरवलेला नव्हता.

"यात मला हाक मारलीय का कुठे?" त्यांनी विचारलं.

"नाही, काकी."

"मग तुमच्याकडेच असू द्या. एक करा. बोलणं राहू दे, खोकला तेवढा काढा. आणि का काढला ते कुणाला सांगू नका. त्यांच्या आजारपणाची चर्चा नको."

अभिनवने भागीदारांशी भांडून खेळातून खोकला काढला. आठवडाभरात तक्रारींचा पाऊस पडला. कारभाऱ्यांची तब्येत सुधारली वाटतं, कुठल्या डॉक्टरकडे गेले, असं लोक विचारायला लागले. आम्हाला आजारी कारभारीच परत हवेत, अशी विनंती हजारोंनी केली. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. भागीदारांनी अभिनवचं ऐकलं नाही, खोकला परत घातला.

हे नूरबानूंना सांगायला जायचा धीर त्याला झाला नाही. मी गेलो. त्या दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी सांगत होतो तेव्हा त्यांचा हात थांबला नाही.

"एवढ्या लोकांनी मागितला?"

"हो."

"ह्यांना कळलं असतं तर खूश झाले असते," त्या म्हणाल्या. "त्याचाच तर राग येतो मला."

मग निवडलेले तांदूळ पातेल्यात ओतून त्या धुवायला आत गेल्या.