पत्नी हयात असलेले साडू

अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, पण जुन्या नावाच्या किंवा नव्या नावाच्या या जिल्ह्यात आमच्या साडूंइतका निलाजरा माणूस दुसरा झाला नाही. हे मी त्यांच्या माघारी बोलत नाही. त्यांच्या घरी, त्यांच्या हातचं पिठलं-भाकरी खाता खाता त्यांच्या तोंडावर बोललो आहे, आणि त्यांनी "अजून अर्धी घ्या" म्हणत माझ्या ताटात भाकरी टाकली आहे. काही माणसं भाषण करताना निलाजरी असतात, काही जेवताना. आमचे साडू बाप म्हणून निलाजरे होते. आणि त्यांच्या वाट्याची सगळी लाज, बायकोकडून नातं असल्यामुळे, मला वागवावी लागे.

आम्ही दोघं संगमनेरच्या एका सरकारी कचेरीत. मी आस्थापना शाखेत, म्हणजे इतरांच्या रजा आणि बदल्या माझ्या टेबलावरून जातात, ते आवक-जावकला. त्यांची बायको, माझी धाकटी मेहुणी, राजूरकडच्या एका आरोग्य केंद्रात नर्स. बिऱ्हाड मधोमध, अकोले गावात. सकाळी ती वर डोंगराकडे जाणारी एसटी पकडायची, हे खाली संगमनेरकडे येणारी. लग्नानंतर चार-पाच वर्षं हे छान चाललं. मग माऊ झाली. मेहुणीची बाळंतपणाची रजा संपली. बालसंगोपन रजेचा अर्ज तिनं दिला होता, पण आधी लसीकरणाची मोहीम होती, मग कुणाची तरी बदली झाली, मग साथ आली, आणि "पुढं बघू" हे उत्तर कायम राहिलं. साडूंची आई नाही. आमच्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले. रांगत्या पोरीमागं धावायचं म्हणजे त्यांनाच कुणीतरी मागून धरायला हवं. तेव्हा एके दिवशी साडू स्वतःच्याच बालसंगोपन रजेचा अर्ज घेऊन माझ्या टेबलासमोर उभे राहिले.

मी अर्ज वाचला आणि कानापर्यंत लाल झालो. आजूबाजूला सगळी शाखा बसलेली.

"पाहुणे," मी आवाज खाली आणून म्हटलं, "ही रजा बायकांना असते. पुरुषाला मिळते, पण पत्नी हयात नसेल तर. नाहीतर अंथरुणाला खिळलेली पाहिजे."

"असं होय," ते खणखणीत आवाजात म्हणाले. त्यांना खाली आणता येणारा आवाजच नव्हता. "सकाळी निघाली तेव्हा तरी हयात होती."

सगळी शाखा हसली. साडूही हसले. मी फायलीत तोंड घातलं. घरी जाऊन त्यांनी हा नियम मेहुणीला सांगितला तेव्हा ती म्हणे कणीक मळत होती. म्हणाली, "मग आता तुमच्या रजेसाठी मरू का मी?" हे वाक्य साडूंना इतकं आवडलं, की पुढं कुणी "काय, कसं काय?" विचारलं की ते "पत्नी हयात आहे, रजा नामंजूर" असं सांगत. कचेरीत त्यांचं नावच पडलं, 'पत्नी हयात असलेले'.

पुढच्या सोमवारी ते माऊला घेऊनच कामावर आले. आणि आले ते जवळजवळ वर्षभर येत राहिले. एका खांद्याला पोर, दुसऱ्या खांद्याला पिशवी, पिशवीतून बाहेर डोकावणारा खुळखुळा. एसटीत ते सरळ बायकांच्या राखीव बाकावर बसत. कंडक्टर म्हणाला, "वो पाव्हणं, वाचता येतंय का? बायकांची जागा हाय." साडूंनी मांडीवरच्या माऊकडं बोट दाखवलं. "मग ही काय बुवा आहे?" कंडक्टरनं साडूंचं तिकीट तिच्या नावावर फाडलं नाही एवढंच. कचेरीत आल्यावर आवक-जावकच्या खिडकीच्या गजांना दुपटी वाळत पडत, आणि टपाल घेऊन आलेल्या माणसाला आधी दुपटं बाजूला सारून मग तोंड दाखवावं लागे. माऊची शी आज कशी झाली, हे ते वरिष्ठ लेखाधिकाऱ्यांना चहाच्या वेळी सांगत. लेखाधिकारी चहा ठेवून देत. डोंगरावरच्या गावातून दाखल्यासाठी आलेली एक म्हातारी बराच वेळ हा संसार बघत बसली होती. शेवटी तिनं विचारलं, "सायेब, हिची आई कुठं हाय?"

"कामाला."

"आन तुमी?"

"मी पण कामाला."

"मंग पोर बी कामाला लावलीया व्हय!" म्हातारी म्हणाली, आणि दाखला न घेताच माऊला मांडीवर घेऊन बसली.

आमच्या कचेरीत हिरकणी कक्ष आहे. म्हणजे दारावर तशी पाटी आहे. तान्ह्या मुलांच्या आयांना निवांत बसता यावं म्हणून ही खोली. पण आत मोडक्या खुर्च्या, बंद पडलेला कूलर आणि कुठल्यातरी जुन्या निवडणुकीचं सामान. साडूंनी एका दुपारी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ती खोली झाडली, मेहुणीच्या जुन्या साडीची झोळी बांधली आणि माऊची दुपारची झोप तिथं सुरू केली. एक तरुण बाई बाळाला पाजायला म्हणून दार उघडून आत गेली, तर समोर मिशावाला माणूस बाटलीत दूध हलवत बसलेला. ती किंचाळली. साडू दोन्ही हात जोडून बाहेर आले. "या ताई, खोली तुमचीच आहे, मी आपला पाहुणा." आणि मग त्या बाईचं होईपर्यंत ते दाराबाहेर पहाऱ्याला उभे राहिले आणि व्हरांड्यातून जाणाऱ्या प्रत्येक पुरुषाला "तिकडून जा, तिकडून" करत पिटाळत राहिले. आमच्या साहेबांनासुद्धा. साहेब तिकडून गेले, पण जाताना माझ्याकडं बघून गेले.

महिन्याच्या बैठकीत सगळे विषय संपले, की शेवटी आयत्या वेळचे विषय येतात. त्या वेळी कुणी काही बोलू नये आणि सगळ्यांनी बिस्किटं खावीत अशी रीत आहे. साडू मात्र दर महिन्याला उभे राहत आणि एकच शब्द बोलत, "पाळणाघर." साहेब म्हणत, "पुढच्या महिन्यात बघू." साडू बसत. पुढंपुढं ते उभे राहण्याआधीच चार जण "पाळणाघर" म्हणून ओरडत आणि सभागृहात हशा पिकत असे. कचेरीत तान्ह्या पोरांच्या आया सात-आठ तरी असतील. त्याही हसत, पण जरा उशिरा. मी खाली मान घालून बिस्किटाचे तुकडे करत बसे. नवीन आलेल्या कुणी विचारलंच, "ते तुमचे कोण?" तर मी "आमच्याकडचेच आहेत" असं काहीतरी पुटपुटत असे.

मग जिल्ह्याहून मोठे साहेब तपासणीला येणार असं कळलं. कचेरी धुतली गेली, कुंड्या आल्या. आदल्या दिवशी आमच्या साहेबांनी साडूंना केबिनमध्ये बोलावलं. "हे बघा, मी आजवर काही बोललो नाही. पण उद्या पोर दिसता कामा नये. मोठे साहेब कडक आहेत. तुमच्या सेवापुस्तकात लाल शेरा बसला तर मी काही करू शकणार नाही." साडू "हो साहेब" म्हणाले. अकोल्यातल्या शेजारणीनं दिवसभर सांभाळायचं कबूलही केलं होतं. पण पहाटेच तिच्या माहेरी कुणी वारलं आणि ती निघून गेली. मेहुणीची ड्यूटी चुकवण्यासारखी नव्हती. साडू माऊला घेऊन आले. त्या दिवशी प्रथमच ते मागच्या दारानं आले. आमचे शिपाई रहेमानभाई माऊला मागच्या खोलीत घेऊन बसले. "तुमी जावा टेबलाला, मी बघतो," ते म्हणाले.

मोठे साहेब आवक-जावकलाच उभे होते. साडू ताठ बसून त्यांना उत्तरं देत होते. हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. आणि व्हरांड्यातून आवाज आला, चीं चीं, चीं चीं. माऊचे वाजणारे बूट. रहेमानभाई पाणी आणायला वळले असतील तेवढ्यात ती निसटली होती. एका पायात बूट, दुसरा पाय मोकळा, म्हणून आवाजही लंगडत येत होता. ती दारात येऊन थांबली आणि एवढी माणसं बघून बावरली.

"हे मूल कोणाचं?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

आमच्या साहेबांनी पंख्याकडं पाहिलं. लेखाधिकाऱ्यांनी चष्मा पुसायला घेतला. मी समोरच्या फायलीचं पान उलटलं. साडू उठून उभे राहिले. मला वाटलं, झालं, आता हा माणूस मोठ्या साहेबांपुढंही पाळणाघराचं काढणार; आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदाच मला वाटलं, काढावं.

"माझं नाही साहेब," साडू म्हणाले. "कामासाठी आलेल्या कुण्या बाईचं असेल."

त्यांना खाली आणता येणारा आवाज नव्हता असं मी म्हटलं, पण त्या दिवशी होता. माऊनं तो ऐकला. इतका वेळ ती त्यालाच शोधत असणार. तिचं तोंड फुललं, चीं चीं करत ती टेबलांमधून धावत आली, साडूंच्या गुडघ्याला मिठी घातली आणि म्हणाली, "बाबा." मग दोन्ही हात वर केले. "घे."

साडू तसेच उभे. हात पँटच्या शिवणीला चिकटलेले. ती वर बघून हसत होती आणि हॉलमधली आम्ही तीसेक शहाणी माणसं खाली बघत होतो.

मोठ्या साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "घ्या तिला," ते हळूच म्हणाले. "ती थांबलीय."

साडूंनी तिला उचललं. मोठे साहेब पुढच्या टेबलाकडं वळले. त्यांनी नंतर ना विचारलं, ना शेरा लिहिला, ना आवाज चढवला. चढवला असता तर बरं झालं असतं, असं आम्हाला सगळ्यांनाच वाटलं. निदान राग तरी धरता आला असता.

संध्याकाळी स्टँडवर एसटीची वाट बघताना साडू माझ्याशेजारी उभे होते. माऊ खांद्यावर झोपली होती. "साडभाऊ," ते म्हणाले, "तिला कळलं असेल का हो?"

"एवढ्याशा पोराला काय कळतंय!"

"मी नाही म्हटलं आणि ती हसत माझ्याकडंच आली." एसटी आली. त्या दिवशी ते राखीव बाकावर बसले नाहीत. पोरीला घेऊन उभेच होते. शेवटी कुणीतरी बाईनं उठून जागा दिली.

मेहुणीला त्यांनी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. रविवारी ती आमच्याकडं आली तेव्हा स्वयंपाकघरात माझ्या बायकोला म्हणत होती, "मला म्हणतात, तू मला ओरड. मी कुठल्या तोंडानं ओरडू ताई? मी तरी रोज सकाळी ती रडत असताना निघून जातेच की." मी बाहेर पेपर धरून बसलो होतो. त्यातलं एक अक्षर मी वाचलं नाही.

साडूंनी माऊला आणणं बंद केलं. अकोल्यात एका घरी तिला ठेवू लागले. खिडकीचे गज मोकळे झाले, टपालवाल्याला थेट तोंड दिसू लागलं. महिन्याची बैठक आली. विषय संपले. साहेबांनी "आयत्या वेळचे काही?" असं विचारलं आणि सवयीनं साडूंकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. साडू बिस्किटाकडं बघत होते. तो शब्द त्या दिवशी कुणीही उच्चारू शकलं असतं. इनमिन पाच अक्षरं. बैठक संपल्याचं साहेबांनी जाहीर केलं. हसायला काहीच नव्हतं, तेव्हा कळलं की इतके दिवस आम्ही कशाला हसत होतो.

पुढच्या बदल्यांत साडूंनी स्वतः होऊन राजूरकडची जागा मागितली. तिकडं कुणी मागून जात नाही. पाठवलेले लोकसुद्धा वर्षभर परत येण्याची खटपट करतात. निरोपाला शाल, नारळ झाला. दोन शब्द बोला म्हटल्यावर लोक हसायच्या तयारीनं सरसावून बसले. साडू उभे राहिले. "त्या दिवशी मी खोटं बोललो," ते म्हणाले. "ती माझीच आहे. हे तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. पण मी बोललो नव्हतो, म्हणून आज बोलतो." आणि बसले. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणाला कळेना. मागं रहेमानभाई डोळे पुसत होते आणि पुढं साहेब नारळाची शेंडी सरळ करत होते.

पाळणाघर अजून झालेलं नाही. हिरकणी कक्षात आता दुसरा कूलर ठेवलाय.

परवा दिवाळीत आम्ही राजूरला त्यांच्याकडं गेलो होतो. मेहुणीचं केंद्र आता जवळ, दोघं संध्याकाळी बरोबरच घरी येतात. माऊ शाळेत जायला लागली आहे. अंगणात ती माझ्याजवळ बसली होती, साडू समोर शेंगा सोलत होते. मध्येच तिनं विचारलं, "बाबा, मी लहान असताना तुमच्या ऑफिसात यायचे ना?"

"यायचीस की. रोज."

"मग साहेब मला काय म्हणायचे?"

साडूंचे हात थांबले. मग ते "पाणी आणतो पाहुण्यांना" म्हणत उठले आणि आत गेले. मला पाणी नको होतं. माऊ माझ्याकडं बघत राहिली, उत्तर मिळाल्याशिवाय ती हलणार नव्हती.

"म्हणायचे, पोरगी मोठी हुशार आहे," मी म्हटलं. "म्हणायचे, हिच्यावाचून आमच्या कचेरीचं काम अडतं."

तिला ते पटलं. ती समोरच्या मुलींमध्ये पळून गेली. आत माठावरच्या पेल्याचा आवाज झाला, मग तोही थांबला, आणि साडू बराच वेळ बाहेर आले नाहीत.