दहाव्याचा चहा

गावात कुणी गेल्याची बातमी आली की म्हादू आप्पा आधी टपरीवरचा रेडिओ बंद करायचे. मग आलं कुटायचा दगड उचलून फळीखाली ठेवायचे आणि मोठं पातेलं चढवायचे. मयताच्या चहात आलं घालायचं नाही, हा त्यांचा नेम. साखर मात्र रोजच्यापेक्षा मूठभर जास्त. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "चवीनं प्यायचा चहा न्हाई त्यो, गुर्जी. रडून मानसाच्या अंगात काय ऱ्हात न्हाई, म्हून साखर. आलं घातलं की मानूस म्हनतं, वा. मयताला आलेल्यानं वा म्हनू नये."

आमचं गाव शिरूर तालुक्यात, कवठे येमाईच्या अलीकडं, घोड नदीच्या काठाला. घाटाकडं उतरणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी आप्पांची पत्र्याची टपरी होती. जागा ग्रामपंचायतीची, म्हणजे गावाच्या मर्जीची. त्यांचे वडील मेंढरांमागं हिंडले. आप्पांनी मेंढरं विकून इथं बस्तान बसवलं, एक म्हैस घेतली आणि तिच्या दुधावर चहा सुरू केला. कानात बाळी, दाढीचे खुंट पांढरे, आणि जिभेला धार. कुणी म्हणालं, "आप्पा, चहा हाय का नुसतं गरम पानी?" की हातातली गाळणी न थांबवता म्हणायचे, "पानीच हाय. रंग तुज्या तोंडाकडं बघून आलाय." तो माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच बसलेला असायचा.

मयताच्या चहाचे पैसे ते घेत नसत. सगळ्यांकडूनच घेत नसत, असं नव्हे. ज्या घरात चूल पेटलेली नाही आणि पाहुण्यांना पाजायची ऐपतही नाही, अशा घरी ते स्वतः किटली घेऊन जायचे. दहाव्याला घाटावर लांबून आलेली अशा घरची माणसं टपरीवर टेकली, तर त्यांच्यापुढं कप ठेवायचे. कुणी खिशात हात घातला तर "ऱ्हाऊ द्या" म्हणून दुसरीकडं बघायचे. बाकीच्यांकडून रोजच्यासारखे पैसे. यामागची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली. वडील वारले तेव्हा मेंढरं दौंडच्या पुढं परक्या मुलखात होती. ओळखीचं कुणी नाही. रस्त्याकडेच्या एका चहावाल्यानं सगळ्यांना चहा पाजला. "आमी पैसं काडलं तर म्हनला, आधी मानूस पोचवा. नाव बी इचारलं न्हाई त्येनं. मी बी न्हाई इचारलं."

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. मी गावातल्याच हायस्कुलात मराठी शिकवतो आणि पंचवीसेक वर्षं गावातल्या दहाव्यांना माईक धरतो. आमच्याकडं दहावा म्हणजे नुसता विधी नसतो. घाटावर मांडव पडतो, प्रवचन होतं, सोसायटीचे, कारखान्याचे, पंचायत समितीचे लोक येतात आणि प्रत्येकाला श्रद्धांजलीचं बोलायचं असतं. कोण कोणाच्या आधी बोलणार हे माईक धरणाऱ्याला कळावं लागतं. मला ते कळायचं. म्हणून मला मान होता, आणि मला तो आवडायचा.

एका दहाव्याला कावळा शिवेना. पिंड ठेवून बराच वेळ झाला. मुलांनी हात जोडून कबूल करायचं ते सगळं कबूल केलं, धाकट्याचं लग्न, बहिणीचं माहेरपण, तरी कावळे बाभळीवर बसून नुसते बघत होते. बोलणारे बोलून संपले. पाचशे माणसं उन्हात गप्प बसलेली आणि माईक माझ्या हातात. काहीतरी बोलायला हवं होतं. नजर वर गेली तर आप्पांच्या टपरीवर पातेल्यातून वाफ निघत होती. मी बोलत सुटलो. आपल्या गावात असा एक माणूस आहे जो दुःखाचे पैसे घेत नाही, वगैरे. शेवटी म्हणालो, "दहाव्याच्या चहाची सेवा ही आपल्या म्हादू आप्पांची, आणि ती अशीच चालत राहील." कुणीतरी मान डोलावली. तेवढ्यात कावळा शिवला.

लोकांना वाटलं, त्या बोलण्यानंच शिवला. हसण्यासारखं आहे, पण त्या दिवशी कुणी हसलं नाही. पाचशे माणसं टपरीवर गेली आणि कुणीच खिशात हात घातला नाही.

संध्याकाळी मी टपरीवर गेलो ते कौतुक ऐकायला. आप्पा पातेलं घासत होते. म्हणाले, "नाव घ्यायचं न्हवतं, गुर्जी." मला वाटलं, विनय. मी म्हणालो, "आप्पा, चांगल्या कामाचं नाव व्हायलाच पाहिजे." त्यांनी पातेल्याकडंच बघत सांगितलं, "काम हुतं तवर माजं हुतं. आता गावाचं झालं."

झालंच तसं. त्यानंतर प्रत्येक घराला दहाव्याला आप्पांचा चहा हवा असायचा. ज्यांच्या दारात दोन ट्रॅक्टर, त्यांनाही. पैसे वाचवायला नव्हे, मान म्हणून. कुणाच्या दहाव्याला आप्पांनी हात आखडला असता तर "आमचं मयत हलकं व्हतं व्हय?" असं ऐकावं लागलं असतं. गावात त्यांच्या समाजाची चारच घरं आणि टपरी गावाच्या जागेवर. मी मात्र प्रत्येक वेळी आभार मानत राहिलो. ते आता माझ्या सूत्रसंचालनाचं ठरलेलं वाक्य झालं होतं.

मग महागाई आली. सिलिंडर महागला, पत्ती महागली, साखर महागली, म्हशीची पेंड तर परवडेना. आप्पांनी दहाचा चहा बाराला केला तेव्हा पारावरची मंडळी मुद्दाम त्यांना ऐकू जाईल असं बोलायला लागली.

"फुकाट वाटायला परवडतं, आन् आमच्याकडनं बारा?"

"गावाला पाजतंय म्हंजी गबर असनार की."

आप्पांनी पाटी पुसून पुन्हा दहा लिहिलं.  

नंतर कारखान्याच्या चेअरमनचे वडील वारले. चेअरमन म्हणजे आमच्या भागातलं मोठं प्रस्थ. माझी शाळा ज्या संस्थेची, तिच्यावरही तेच. दहाव्याच्या आदल्या दिवशी आप्पा माझ्या घरी आले. उंबऱ्याच्या आत आले नाहीत. बायकोनं चहा आणला, तो घेतला आणि म्हणाले, "गुर्जी, एक काम हुतं. उद्या शिरूर, दौंड, दोनी तालुकं येनार. हजारानं मानूस. माज्यानं झेपत न्हाई. तुमी माईकवर येवढंच म्हना, चहाची सोय घरच्यांनी केलीय. चेअरमनला काय जड हाय? मी म्हनलो तर वाईट. तुमी म्हनला तर ती रीत हुती."

मी म्हणालो, "एवढंच ना? म्हणतो की."

"एकदा तुमी म्हनला की पुढं बी सुटंल."

"म्हणतो म्हणालो ना, आप्पा."

कप विसळून ठेवायला ते नळाकडं निघाले. बायकोनं त्यांच्या हातातून तो काढून घेतला. जाताना त्यांची पाठ हलकी दिसली, असं मला आजही वाटतं. त्यांना माझ्या शब्दाचा भरवसा होता.

दुसऱ्या दिवशी मी बोललो नाही. त्या दिवशी कावळा लवकर शिवला, वेळच मिळाला नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत आलो. एक-दोघांना सांगितलंही. कावळा लवकर शिवला नव्हता. वेळ भरपूर होता. चेअरमन माझ्यासमोर पांढऱ्या चादरीवर बसले होते, त्या जूनमध्ये मुख्याध्यापकाची जागा रिकामी होणार होती, आणि चार लोकांत त्यांना खर्चाची आठवण करून देणारा माणूस मला व्हायचं नव्हतं. मी नेहमीचं वाक्य म्हणालो, जरा जास्तच सजवून म्हणालो. वर टपरीपुढं रांग लागली ती दुपारपर्यंत हलली नाही.

जूनमध्ये मी मुख्याध्यापक झालो.

आप्पांनी त्या दहाव्याला डेअरीतून दूध आणलं होतं, वाण्याकडून साखर. ते फेडायला म्हैस विकली. घरचं दूध गेल्यावर दहा रुपयांच्या कपात काय उरणार होतं? त्यांच्या मंडळी, हिराबाई, मला दळणाच्या गिरणीत भेटल्या. एरवी डोक्यावरचा पदर पुढं ओढून बाजूला होणारी बाई, त्या दिवशी थेट बघून म्हणाली, "गुर्जी, तुमचं बोलनं लई ग्वाड असतं. आमची म्हस गेली त्यात." पीठ भुरभुरत होतं, चक्कीचा आवाज होता. ऐकू आलं नाही असं दाखवून मी पिशवी उचलली.

टपरी आणखी काही महिने तगली. आप्पांनी कप लहान केले, मग गॅस सोडून पुन्हा जळण आणलं. धुराची तक्रार पंचायतीत गेली, तक्रार करणारे रोजचे गिऱ्हाईकच. एके सकाळी टपरी उघडली नाही. लेक वरवंडला दिली होती, तिच्याकडं दोघं गेल्याचं कळलं. निरोप घ्यायला ते कुणाकडंच गेले नाहीत. माझ्याकडं तर नाहीच.

वर्षभरानं शाळेच्या कामाला दौंडला गेलो होतो, तिथून कुरकुंभला उतरलो. आप्पा एका कंपनीच्या कँटीनला ठेकेदाराकडं लागल्याचं कानावर होतं. शिफ्ट सुटत होती. आत सोडत नव्हते, म्हणून गेटवर निरोप दिला. आप्पा आले ते निळा एप्रन आणि डोक्याला जाळीची टोपी घालून. कानातली बाळी नव्हती. आत धातू चालत नाही, म्हणाले. एप्रनखालून त्यांनी कागदी कपात माझ्यासाठी चहा आणला होता.

"मशीनचा हाय. बटन दाबलं की येतो. मी निस्ता कप धरतो."

"कसं चाललंय, आप्पा?"

"बरं हाय. बिहारची पोरं हायती. चाचा म्हनत्यात. आधा कप दो चाचा, पूरा कप दो चाचा. मशीन आधा देत न्हाई." एवढंच बोलून ते थोडं हसले.

मी कसाबसा म्हणालो, "आप्पा, त्या दिवशी मी बोललो नाही."

"ठावं हाय. मी पातेलं चढवून ठिवलं हुतं, पर ग्यास न्हवता लावला. तुमचं आइकूनच लावीन म्हनलं. आइकलं आन् लावला."

"मग मला नंतर काहीच बोलला नाहीत?"

"बोलून काय? तुमाला बी गावात ऱ्हायचं हुतं." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काही करता आलं असतं. मग त्यांनी विचारलं, "आता दहाव्याचा चहा कोन देतं?"

"स्टँडजवळची संगीता." नवरा गेल्यावर तिनं चहा-भज्यांचा गाडा टाकला होता.

आप्पांनी एप्रनला हात पुसले. "तिला सांगा, न्हाई म्हन. आत्ताच म्हन. मागनं जमत न्हाई." आतून कुणीतरी "चाचा" म्हणून हाक मारली आणि ते गेले.

पुढच्या थंडीत आप्पा वारले. मला कळलं तेव्हा त्यांचा दहावाही होऊन गेला होता. लेकीनं गावाकडं कळवलं नव्हतं, आणि तिनं का कळवावं?

आप्पांचा निरोप मी संगीताला दिला, तोही ते गेल्यावर. ती गाड्यावर कांदा चिरत होती. म्हणाली, "आता कसं न्हाई म्हनू, गुर्जी? पाच-सहा दहावं झालं. तुमीच सांगा की माईकवर, सोय घरच्यांची म्हून." कुणी शिकवलं नव्हतं, तिला आपलं आपणच सुचलं होतं. मी म्हणालो, "सांगतो." तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं, आणि तिचा माझ्यावर विश्वास बसलेला नाही, हे मला दिसलं. ती पुन्हा कांद्याकडं वळली.

परवा सकाळी घाटावर दहावा होता. चेअरमनच्याच भावकीतला. मांडव भरलेला, पिंड ठेवलेले, कावळे अजून लांब. माईक माझ्या हातात होता आणि 'चहाची सोय घरच्यांची' हे वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. मी गेलेल्याच्या शेतीबद्दल बोललो, त्याच्या स्वभावाबद्दल बोललो, पाणीयोजनेबद्दल बोललो. चहाचा विषय काढला नाही. संगीताचे आभारही मानले नाहीत. आभार मानले नाहीत, एवढंच मला जमलं.

कावळा शिवला. माणसं उठली आणि कुणी न सांगता स्टँडकडं चालू लागली.